शब्दकोशाचे चार खंड

हरितालिकेच्या निर्जळी उपवासात पुस्तकं लावता लावता ग्रंथपाल शेवडेबाई कोसळल्या. वाचनालयात गलका झाला.

"कांदा हुंगवा!"

"चप्पल लावा नाकाला!"

एकाने तर पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला.

"पाणी नको," मी म्हणालो. "श्वास चालू आहे. आडवंच राहू द्या, पाय उंच करा." हे मी कधीतरी वाचलं होतं. नीट आठवतंय का, याची खात्री नव्हती. माझा आवाजही नेहमीप्रमाणे कुणाला ऐकू गेला नाही.

मग मीच पेला बाजूला केला, शब्दकोशाचे चार जाड खंड ओढले आणि बाईंचे पाय त्यांवर ठेवले.

"अहो काका, सरस्वती आहे ती!" कुणीतरी ओरडलं. मी पाय तसेच राहू दिले. चुकलो असेन तर?

अर्ध्या मिनिटात बाईंनी डोळे उघडले. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी पायांकडे पाहिलं.

"पुस्तकांवर पाय कोणी ठेवले माझे?"

"मी," मी म्हणालो. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यांनी पडल्या पडल्याच खंडांना हात जोडले. "परत लावताना क्रमाने लावा हं, काका."