खळ्यावरची चादर

"चादर दिसली होती का रे त्याला?" कॉफीचा कप पुढे करत उम्म शाकिरने, म्हणजे शाकिरच्या आईने, विचारलं.

लबीबने कप घेतला. दुखवट्याची कॉफी, बिनसाखरेची. शाकिर जाऊन आज चाळिसावा दिवस. सकाळपासून बायका येऊन रडून गेल्या. कैरोहून वर्तमानपत्रवाले आले, भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढून गेले. शाकिर म्हणजे देशाचा पहिला वैमानिक. सिगारेटच्या पाकिटावरसुद्धा त्याचं तोंड छापलेलं. अंगणातल्या मनोऱ्यासारख्या उंच कबुतरखान्याचाही त्यांनी फोटो घेतला, कारण लहानपणी शाकिर दिवसभर त्याच्या टोकावर बसायचा आणि आई खालून हाका मारून घसा बसवून घ्यायची. एवढी माणसं आली, पण हा प्रश्न म्हातारीने लबीबसाठी राखून ठेवला होता. त्या दिवशी शाकिरच्या मागच्या विमानात तोच होता.

उत्तराची वाट न बघता ती सांगत सुटली. शाकिरचं पत्र आलं होतं, गुरुवारी गावावरून जाईन, वर बघ. पण वरून म्हणे सगळी गावं सारखीच दिसतात. मग पोराला आपलं घर कळणार कसं? म्हणून तिने घरामागच्या खळ्यावर पांढरी चादर अंथरली. एक पुरायची नाही म्हणून दुसरी तिच्या डोक्याशी आडवी घातली. उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. शेजारची फतहिया हसून म्हणाली, विमानाला जेवायला बसवतेस की काय.

लबीब खाली मान घालून ऐकत होता. चादरी त्यानेही पाहिल्या होत्या, वरून. विमानतळावर नेमकं असंच कापड घालतात, एक उभं, एक आडवं. ते दिसलं की उतरायचं. त्या सकाळी सगळीकडे धुरकट होतं, पुढे कैरोवर तर दाट धुकं. शाकिरने मागे वळून हाताने खाली खूण केली आणि विमान वळवलं. आपल्यासाठी कुणीतरी इथे उतरायची सोय केलीय, असंच त्याला वाटलं असणार. हे आपलंच खळं आहे हेही त्याला कळलं नसेल. खळं संपतं तिथे कालवा लागतो, तो दिसेपर्यंत फार उशीर झाला होता; विमान त्यातच कोसळलं. चौकशीत लबीबने इंजिन बंद पडलं म्हणून सांगितलं. ते खोटं होतं.

"दिसली, खाला," तो म्हणाला. "लांबूनच दिसली."

म्हातारीने ओढणीने डोळे पुसले. चाळीस दिवस या एकाच गोष्टीने तिचा जीव खाल्ला होता. पोराला घर दिसलं, एवढं कळलं आणि तिचा चेहरा जरा निवला. मग तिने विचारलं, तू पुन्हा कधी जाणार या गावावरून? रविवारी, तो बोलून गेला.

"तुझ्यासाठीही अंथरीन मग. तुझी आई तिकडे अस्यूतला, इथे तुझं कोण आहे? आता जो जाईल त्याच्यासाठी अंथरणार. शाकिरच्या नावाने माझ्याकडून तेवढंच."

लबीब नको म्हणाला, गुडघे दुखतात तुझे म्हणाला, ऊन फार असतं म्हणाला. ती कसली ऐकतेय? शेवटी तो म्हणाला, "बरं. पण पांढरी नको, खाला. लाल काहीतरी घाल."

"लाल का?"

"आमच्या विमानवाल्यांत लाल म्हणजे थांबू नकोस, पुढे जा."

लाल तिच्याकडे एकच होतं. तिने पेटी उघडून साटिनची रजई काढली. शाकिरच्या लग्नासाठी स्वतः शिवलेली, अजून घडीही मोडली नव्हती. ती मांडीवर घेऊन बसली, शिवणीवरून हात फिरवत राहिली. फिरता फिरता हात थांबला.

"आणि पांढरी म्हणजे?"

लबीबने कपातला गाळ बघितला. काहीतरी थाप मारायची म्हणून तोंड उघडलं, पण तिने त्याची नजर धरून ठेवली होती.

"पांढरी म्हणजे... खाली ये."

म्हातारी रडली नाही. उघड्या दारातून अंगणातल्या कबुतरखान्याकडे बघत राहिली.

"जन्मभर ओरडले मी, शाकिर खाली ये, खाली ये," ती म्हणाली. "कधी ऐकलं नाही कार्ट्याने. एवढं एकदाच ऐकलं."