पांढऱ्या रेषेपलीकडे

मोटारसायकल शिकवणाऱ्या मास्तरांचा सगळा दिवस मैदानावरच्या पांढऱ्या रेषेपलीकडे उभं राहण्यात जायचा. "दोन्ही ब्रेक एकदम! पुढचा दाबत न्या, हिसका नको, नजर समोर!" असं ओरडून घसा बसायचा. शिकाऊ मंडळी भरधाव यायची आणि त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर कशीबशी थांबायची. घरी बायकोचा जीव टांगणीला. शेवटी तिनेच त्यांच्या जुन्या शर्ट-पँटीत चिंध्या कोंबून एक बुजगावणं शिवलं. "उद्यापासून याला उभं करा," ती म्हणाली, "आणि तुम्ही आपले सावलीत बसून ओरडा."

दुसऱ्या दिवशी मास्तर कित्येक वर्षांनी खुर्चीला टेकले. पण समोर नुसत्या चिंध्याच आहेत म्हटल्यावर ब्रेक वेळेवर दाबायची कुणाला पडली होती! दुपारपर्यंत बुजगावण्याचा एक हात निखळला, छाती फाटली, मान लटकली. तेवढ्यात ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आले. त्यांनी ते उचललं, त्याच्या शर्टावरची धूळ झटकली आणि हळहळत त्याला खुर्चीशेजारी सावलीत ठेवलं.


"उठा मास्तर, तुम्हीच उभे राहा. याचे हाल बघवत नाहीत."