कोण आपण?

आईनं मृत्युपत्रात घर मला दिलं म्हणून दादा वकिलांच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटत होता.

"तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं! मला, पोटच्या मुलाला, 'कोण आपण?' विचारायची!"

"हे खरं आहे?" वकिलांनी मला विचारलं.

"खरं आहे," मी म्हणाले. दादा गालात हसला आणि माझं डोकंच फिरलं.

"हा सहीसाठी घराचे कागद घेऊन आला, की तेवढ्यापुरतं वेड पांघरायची ती."

"पुरावा काय?" दादा उसळला.

"पुरावा? लाज वाटू दे जरा! तू जिना उतरलास की गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि मला विचारायची, 'किती वाळलाय गं! जेवून तरी आला होता का?'"