चाळिशीतली मृण्मयी

"अपिलात आम्ही पालकांचं ऐकत नाही," प्रवेश समितीचे अध्यक्ष बर्वे सुलभाला तुटकपणे म्हणाले आणि त्यांनी पडदा सुरू केला. तिच्या मुलीला, मृण्मयीला, शाळेने प्रवेश नाकारला होता.

निवासी शाळेत प्रवेश मिळाला तर मूल चाळिशीत कसं असेल, ते हे यंत्र दाखवायचं. सगळेच त्यावर विश्वास ठेवत. पडद्यावर पिकल्या केसांची मृण्मयी आली. नाक अगदी सुलभाचंच.

"बाळा, कशी आहेस?" सुलभा न राहवून म्हणाली.

"मला बाळा म्हणू नका." ती बर्व्यांकडे वळली. "यांनीच भांडून मला इथे घातलं. घरी न्या म्हणून मी रडायचे, तर या म्हणायच्या, आधी नाव काढ. काढलं. मोठी शास्त्रज्ञ झाले. आता मी यांचा फोन घेत नाही."

बर्वे खूश झाले. "उत्तम! अपील मंजूर."

"आणि ती जे बोलली ते?"

"ते आमच्या निकषात बसत नाही. सही करा."

सुलभा उठली. "नको मला तुमची जागा."

"मग इतके दिवस आमचं डोकं कशाला खाल्लंत?" बर्वे खेकसले.

बाहेर बाकावर दहा वर्षांची मृण्मयी बसली होती. या शाळेतल्या दुर्बिणीसाठी तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

"मिळाला प्रवेश?"

"नाही गं."

मृण्मयीने हात झटकला. "तूच आत भांडली असशील! तुझ्यामुळेच गेला!"

बसमध्ये सुलभा तिच्याशेजारी बसायला गेली, तेव्हा तिने रिकाम्या जागेवर दप्तर ठेवलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.