ठासणीचे कागद

पेटी रिकामी होती. एव्हारिस्तने झाकण मिटलं आणि पुन्हा उघडलं. तरी रिकामीच. बाहेर अंगणात धडाधड बार उडत होते आणि दर बाराला दुकानातल्या तांब्याच्या किटल्या थरथरत होत्या.

"दोमी, लग्नांचे कागद कुठायत?"

त्याची बायको दोमितील आरशापुढे केसांना निळी फीत बांधत होती. "उडवतायत ना अंगणात. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

एव्हारिस्त मटकन पेटीवरच बसला. मे महिन्याची पहिली तारीख. गावातल्या फ्रेंच नावाड्यांनी पहाटेच त्याच्या दारात सोललेल्या झाडाचा उंच खांब रोवला होता. हा मान गावात एकालाच. त्या खांबावर बिनगोळीचे बार उडवायचे; खांब जितका काळा, तितका मान मोठा. बंदुका सगळ्या ठासणीच्या, आणि दारूवर ठासायला कागद हवा. बायकोने सकाळी विचारलंही होतं, कुठला देऊ म्हणून. गालाला साबण फासलेला असताना तो म्हणाला होता, पेटीतला दे कुठला तरी जुना.

या उपसागराच्या काठी व्यापारी तो एकटाच, आणि न्यायाधीशही तोच. ज्या फळीवर तो बीव्हरची कातडी मोजून घोंगड्या विकायचा, त्याच फळीवर लग्नं लावायचा. पाद्री इकडे क्वचितच फिरकायचा. त्यामुळे सगळ्या गावाची लग्नं त्या पेटीत होती. आणि नेमका काल संध्याकाळी अमेरिकन सरकारचा फिरता न्यायाधीश, वीडन, होडीतून उतरला होता. त्याचा निरोप होता: उद्या लग्नांचे कागद पाहीन. ज्यांचे नसतील त्यांना दंड, आणि ज्याने ती लग्नं लावली त्याची खुर्ची जाईल.

एव्हारिस्त तसाच अनवाणी बाहेर धावला. "थांबा! उडवू नका!"

कागदाचे जळके कपटे बर्फासारखे भुरभुरत होते. तूसाँ नावाड्याने बंदूक खाली केली. तोंड काळं, दात पांढरे.

"जज्जसाहेब, हा आमचा होता वाटतं. काय वाजला!"

"लग्नात नव्हता एवढा वाजला," त्याची बायको पेलाजी म्हणाली. तिच्या कडेवर नातू होता.

तेवढ्यात फाटकातून वीडन आला. उंच टोपी, काखेत पुस्तक. एक धुमसता कपटा तरंगत आला आणि टोपीवर बसला. त्याने तो दोन बोटांनी उचलला आणि वाचला.

"'सुखात आणि दुःखात, शिवाय दोन किटल्या आणि एक लाल घोंगडी.' हे काय आहे?"

"पाठीमागे बिल असायचं," एव्हारिस्त पुटपुटला. "कागद मिळत नाही हो इकडे. ते माझं दप्तर आहे."

"सगळं?"

मागे कुणीतरी भरलेली बंदूक उडवली.

"आता सगळं," एव्हारिस्त म्हणाला.

वीडनने पुस्तक उघडलं. कागद नाही तर लग्न नाही, तो म्हणाला. इथली सगळी जोडपी आजपासून बेकायदा. दंड भरा, नाहीतर आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर लग्न करा.

एव्हारिस्तने डोळे मिटून घेतले. आता गाव आपल्याला उपसागरात बुडवणार, याची त्याला खात्री होती. मग पेलाजी हसली.

"म्हणजे या घटकेला मी मोकळी?"

"कायद्याने, हो."

"तूसाँ, ऐकलंस? तोंड धुऊन ये. आणि या खेपेला नीट विचार. मागच्या वेळी नुसती होडी दाखवली होतीस."

तूसाँ खरंच पाण्याकडे पळाला. मग कुणाला आवरता येईना. आज्या एकमेकींच्या शाली ओढून घेऊ लागल्या. बापये केसांना अस्वलाची चरबी चोपडून आले. म्हातारा आमाब्ल वीडनला विचारू लागला की बदलून मिळते का, तेव्हा बायकोने त्याच्या पाठीत पळी घातली आणि त्याच पळीसकट बोहल्यावर उभी राहिली. फिडल वाजू लागलं. तूसाँने ओल्या दाढीने गुडघा टेकला. पेलाजीने "बघते" म्हणून एवढा वेळ लावला, की मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. आपल्या आईबापांच्या लग्नात पोरं खांबाभोवती नाचत होती.

वीडन पिंपावर कागद ठेवून सह्या करत राहिला. आधी त्याची टोपी गेली, मग कोट गेला. कुणीतरी हातात दिलेला पेला त्याने न बघता रिकामा केला. एव्हारिस्त प्रत्येक लग्नाला साक्षीदार होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

उन्हं कलली तसं वीडनने पुस्तक मिटलं. आता तोही हसत होता. "गावात बेकायदा कुणी उरलं नाही. तुमची खुर्ची राहिली, महाशय."

"उरलंय की," दोमितील म्हणाली.

ती खांबापाशी उभी होती. निळी फीत, नवी शाल, हातात रानफुलं. एव्हारिस्त तिच्याकडे बघत राहिला आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं. पाद्री यायचा तेव्हा तो कातडी आणायला जंगलात गेलेला असायचा. आणि तिने त्यांच्या लग्नाचा विषय काढला की तो म्हणायचा, न्यायाधीशाला स्वतःचं लग्न लावता येत नाही, दुसरा कुणी आला की बघू. पोरं झाली, पोरांची लग्नं त्याने लावली, तरी दुसरा कुणी आला नव्हता. काल संध्याकाळपर्यंत.

"दोमी," तो हळूच म्हणाला, "ते कागद तू जाणूनबुजून दिलेस?"

तिने मान खाली घातली.

"अगं, मला नुसतं सांगायचंस. तेवढ्यासाठी अख्ख्या गावाची लग्नं उडवून दिलीस?"

"काय करू मग?" दोमितील म्हणाली. "या वयात एकटीनंच नवरी व्हायची मला लाज वाटत होती."