गुडघ्याचं इनाम

“नाव सांगा,” अंबूबाई म्हणाली. “इनाम कुणी लावलं त्याचं नाव. त्याबिगर म्या हितनं उठायची न्हाई.”

आणि ती चौकशी समितीच्या टेबलासमोर फरशीवरच मांडी घालून बसली. खुर्ची पुढं केली होती. पण ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्या खुर्चीवर ती कशाला बसेल? तिच्यामागं पालीची पंचवीसेक माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. टेम्पो करून सगळी वेल्ह्याला आली होती, आणि दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला होते, तर बाब गोपनीय आहे म्हणाले. गोपनीय म्हणजे काय ते गावातल्या शिकलेल्या सोनबानं वाटेत समजावलं, तेव्हा ती म्हणाली होती, म्हंजे समद्यांस्नी ठावं, आपल्याला तेवढं न्हाई.

हे सगळं सुरू झालं कबड्डी लीगच्या शेवटच्या सामन्यात. समोरच्या वरवे गावचा इंद्रजित चढाईला आला की पालीची पोरं मागं सरायची. मध्यंतराला पाली अकरा गुणांनी मागं. मध्यंतरानंतर पालीच्या कुमारनं इंद्रजितचा पाय धरला. पंचांनी शिट्टी दिली तरी सोडला नाही, पिरगाळला. इंद्रजितचा गुडघा गेला आणि पाली जिंकली. मग तक्रार झाली, की त्या गुडघ्यावर कुणीतरी इनाम लावलं होतं. समितीनं बंद खोलीत चौकशी केली आणि कुमारवर दोन वर्षं बंदी घातली. त्याचं खेळाचं प्रमाणपत्रही अडवून ठेवलं. त्याच प्रमाणपत्रावर त्याची पोलीस भरती अवलंबून होती. कुमार म्हणजे शेजारच्या रतनबाईचं एकुलतं पोर, बापाविना वाढलेलं. अंबूबाईच्याच अंगणात रांगलेलं.

कुमारला मात्र हे नको होतं. सकाळी टेम्पोपाशी येऊन ‘नका जाऊ’ एवढंच म्हणाला. अंबूबाईनं त्यालाच झापलं. तंगडं मोडून घरात बसवीन, म्हणाली. तसं ती दिवसातनं वीस वेळा कुणाला ना कुणाला म्हणायची. कोंबड्यांना म्हणायची, सुनांना म्हणायची, एसटीच्या कंडक्टरलाही सोडायची नाही. कुणी मनावर घेत नसे. आणि हात असा सैल, की सामना जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं आपला बोकड कापून अख्ख्या आळीला जेवू घातलं. कुमार तेवढा पानावर बसला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. त्यावरनंही तिनं त्याला चारचौघांत विचारलं होतं, जिंकल्यालं पचंना व्हय रं तुला?

आता सोनबा तावातावानं बोलत होता. पालीत इनाम लावण्याएवढा पैका आहे कुणाकडं? पोराच्या खात्यावर, नाहीतर मोबाईलवर एक रुपया आला असेल तर दाखवा. तक्रार करणारा पंचाचा साडू, त्याची चौकशी कोण करणार? मागची माणसं दर वाक्याला हुंकार भरत होती. 

समितीचे अध्यक्ष गंगाधरराव भोरचे, निवृत्त शिक्षक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आजी, नाव नका विचारू,” ते म्हणाले.

अंबूबाईला तेच हवं होतं. भ्यालासा व्हय, तिनं विचारलं. कुणी बडा माणूस असंल, म्हणून गरिबाच्या पोराला पुढं करून त्याला झाकताय.

गंगाधरराव उठले. मग त्यांनी कपाटातून एक कागद काढला. पैसे दिले असं आम्ही कुठंच लिहिलेलं नाही, ते म्हणाले, आणि कुमारचा जबाब वाचू लागले.

“‘मध्यंतरात आमच्या घरच्यासारख्या एका माणसानं मला दोरीपाशी बोलावलं. त्याचं तंगडं मोड, माझा बोकड तुझा, असं सांगितलं. मी ऐकलं. चूक माझी आहे. नाव मी सांगणार नाही. लागलं तर दोनाची चार वर्षं करा.’”

मागच्या पंचवीस माणसांतलं कुणी हुंकारलं नाही. सोनबा आपल्या चपलांकडं बघत होता.

अंबूबाईला मैदानाची दोरी आठवली. कुमारच्या घामेजल्या खांद्यावरचा आपला हात आठवला. कानाशी वाकून बोललेलं आठवलं. कोंबड्यांना म्हणायची तसंच म्हटलं होतं, की त्या घडीला ते खरंच हवं होतं, हे तिचं तिलाही आता सांगता येईना. पोरानं मात्र ते खरं धरलं होतं. आजवर तिचं कुठलंच बोलणं त्यानं खाली पडू दिलं नव्हतं.

गंगाधररावांनी कागदाची घडी घातली. समितीला नाव माहीत नाही, ते तिच्याकडं न बघता म्हणाले, घरी जा आता. मागून कुणीतरी तिचा पदर हळूच ओढला.

ती उठली नाही. नाव कळल्याबिगर उठायचं नाही, हे तिचं तिनंच सांगितलं होतं.

“लिवा, सायेब,” ती म्हणाली. “अंबूबाई, राहणार पाली. बोकड माजा.”

गंगाधररावांनी पेन उचललं, पण टेकवलं नाही. अंबूबाईनं मागं वळून एकेका तोंडाकडं पाहिलं. एकानंही नजर वर केली नाही. ती पुन्हा टेबलाकडं वळली.

“आन् हेबी लिवा. त्यो बोकड आमी समद्यांनी खाल्ला. त्या पोरानं घास घेतला न्हाई.”