माहेरी आलेलं प्रवाळ

सकाळी सव्वासात वाजता प्रवाळ केंद्राची गाडी कुडाळात रोहिणीबाई परुळेकरांच्या दारात थांबली. मालवणचा समुद्र आता दर वैशाखात इतका तापतो, की तिथली मऊ प्रवाळं पावसाळ्यापर्यंत लोकांच्या घरी, काचेच्या टाक्यांत राहायला येतात. परुळेकरांचं हे पहिलंच वर्ष होतं. प्रवाळ दगावलं, तर पुन्हा मिळणार नव्हतं.

रोहिणीबाईंनी गाडीतून आलेली प्रवाळाची पिशवी टाकीत तरंगत ठेवली. मग त्याला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून टाकीचं पाणी नळीने पिशवीत थेंब थेंब सोडलं आणि शेवटी प्रवाळ दगडावर बसवलं. इथवर सगळं बरोबर झालं. पण प्रवाळाच्या रूपाने माहेरवाशीण आली म्हणून शेजारणी बघायला जमल्या. त्यांना नीट दिसावं म्हणून बाईंचे यजमान वसंतराव यांनी टाकीवरचा दिवा पूर्ण लावला. नव्या प्रवाळाला सुरुवातीला अंधूक उजेडच सोसतो. झगझगीत उजेड पडताच प्रवाळाने आपली बोटांसारखी सगळी टोकं आत ओढून घेतली.

"लाजली गो!" शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या.

"इतक्या बायका एकदम अंगावर आल्या, तर मीही दार लावून घेतलं असतं," रोहिणीबाई म्हणाल्या. "अहो, आधी तो दिवा बंद करा!"

वसंतरावांनी दिवा बंद करून टाकीवर जुनं लुगडं टाकलं. शेजारणींनी चहा स्वयंपाकघरात, कुजबुजत घेतला. कोणीच घरी जायला निघेना.

दुपारी केंद्रातून फोन आला, "उघडलं का?"

रोहिणीबाईंनी लुगड्याचा कोपरा उचलून पाहिलं. खिडकीकडची थोडी बोटं बाहेर येऊन पाण्यात हलत होती. भिंतीकडची बाजू अजून मिटलेली होती. "अर्धं उघडलंय," त्यांनी फोनवर हळूच सांगितलं.